शस्त्रवैद्यांचा चतुष्पाद गुरु



डुक्कर हा शब्द आपल्या भाषेंत बहुधा शिवी म्हणूनच ऐकूं येतो. पुराणांत वराहाला अवताराचा मान मिळाला आहे खरा. परंतु गांवकुसाजवळ उकिरडे फुंकीत हिंडणाऱ्या त्याच्या वंशजाकडे आपण नाकाला रुमाल लावूनच पाहतों. कित्येक धर्मांनीं तर त्याचा स्पर्शहि वर्ज्य मानला आहे. अशा ह्या प्राण्याला वैद्यकाच्या इतिहासांत मात्र फार मोठें स्थान आहे. हृदयविकाराच्या रोग्याच्या रक्तवाहिनींत जी जाळीदार नळी बसवितात, बिघडलेल्या झडपेच्या जागीं जी नवी झडप शिवतात, किंवा शस्त्रक्रियेपूर्वीं जी भूल देतात, त्या प्रत्येकीच्या मागें कोठें ना कोठें हा प्राणी उभा आहे. त्याच्यापासून माणूस काय शिकला आणि त्याच्याच पायीं कोठें फसला, ह्याची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे. ह्या हकीकतींतील मुख्य सूत्र आरंभींच सांगून टाकतों. डुकराचें शरीर पुष्कळ अंशीं माणसासारखें आहे, ह्या भरवशावर वैद्यक पुढें गेलें. परंतु तें माणसाचें नव्हे, ह्याचा ज्या ज्या वेळीं विसर पडला, त्या त्या वेळीं तें ठेचाळलें.

प्रारंभ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून करावा लागतो. आशिया मायनरमधील पर्गामम नगरांत १२९ सालीं जन्मलेला गेलन हा ग्रीक वैद्य १६२ सालीं रोमला आला. त्या काळच्या रोममध्यें वैद्य मनुष्याच्या प्रेताचें छेदन करीत नसत. शरीराची रचना शिकावयाची ती माकड, बोकड, बैल आणि डुक्कर ह्यांच्यावर. गेलन हे प्रयोग भरसभेंत करून दाखवी आणि त्यांतील सर्वांत गाजलेला प्रयोग आवाजाचा होता. फळीला बांधलेलें डुक्कर किंचाळत असतां त्याच्या मानेंतील दोन बारीक मज्जातंतु गेलन मोकळे करी. ते बांधले किंवा तोडले कीं किंचाळी एकदम बंद होई. प्राणी धडपडत राही, श्वास घेत राही. आवाज मात्र निघत नसे. ही केवळ जादूगिरी नव्हती. स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ त्या काळीं म्हणत कीं, वाणी छातींतून निघते. म्हणून विचाराचें स्थान हृदय हेंच होय. गेलननें दाखवून दिलें कीं, वाणीची दोरी मेंदूच्या हातीं आहे. आजहि गळ्यांतील ग्रंथि काढतांना शस्त्रवैद्य सर्वांत जपतो तो ह्याच मज्जातंतूंना.

गेलननें ह्या प्रयोगासाठीं डुक्कर निवडलें, कारण त्याचा आवाज फार कर्कश असतो. दुसरें एक कारण त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. जिवंत माकडाचें छेदन करतांना त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते पाहवत नाहींत. म्हणून डुक्कर किंवा बोकड घ्यावा, असा त्याचा सल्ला आहे. हा सल्ला ध्यानांत असूं द्यावा. पुढें त्याचा विचार करावयाचा आहे.

गेलनच्या मागून हजार वर्षें लोटलीं, तरी डुकराचें महत्त्व ओसरलें नाहीं. बाराव्या शतकांत इटलींतील सालेर्नो येथील वैद्यकशाळेंत 'डुकराचें शरीरशास्त्र' ह्या नांवाची एक छोटी पोथी तयार झाली. ती कोफो नांवाच्या पंडिताची म्हणून सांगतात. माकड बाहेरून आपल्यासारखें दिसत असलें, तरी आंतून आपल्याशीं अधिक जुळणारा प्राणी डुक्करच, असें तिचें प्रतिपादन आहे. विद्यार्थ्यांपुढें डुक्कर फाडावें आणि त्यावरून माणसाचें ज्ञान करून घ्यावें, अशी ती शिक्षणपद्धति होती.

ह्या पद्धतीच्या पोटांत एक मोठी चूक शतकानुशतकें दडून राहिली. मेंदूच्या तळाशीं बारीक रक्तवाहिन्यांचें एक अद्भुत जाळें असतें आणि त्यांत प्राणशक्तीचें रूपांतर बुद्धीच्या शक्तींत होतें, असें गेलन सांगून गेला होता. हें जाळें बैलांत आहे, मेंढरांत आहे, डुकरांतहि आहे. माणसांत मात्र नाहीं. तरीहि तेराशें वर्षें वैद्य तें माणसाच्या डोक्यांत आहे असें मानून चालले. बोलोन्याच्या बेरेंगारिओ दा कार्पी ह्यानें १५२१ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, पुष्कळ शोधूनहि आपणांस तें सांपडलें नाहीं. पुढें पादुआचा आचार्य आंद्रेआस व्हेसेलियस ह्यानें १५४३ च्या आपल्या महाग्रंथांत ही समजूत साफ मोडून काढली. त्यानें दिलेला कबुलीजबाब मोठा मासलेवाईक आहे. आपण पूर्वीं माणसाचें डोकें उघडून दाखवितांना जवळ कोकराचें किंवा बैलाचें डोकें ठेवीत असूं आणि तें जाळें त्यांतून दाखवीत असूं, असें तो सांगतो. डोळ्यांना दिसत नव्हतें, तें ग्रंथांत होतें. म्हणून दुसऱ्या प्राण्याचें डोकें आणून ग्रंथाची अब्रू राखली जात होती! मात्र ह्याच व्हेसेलियसनें आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणांत जिवंत डुकरावरील प्रयोगांचें वर्णन केलें असून फळीला बांधलेल्या डुकराचें चित्रहि दिलें आहे. त्यानें साधन टाकून दिलें नाहीं. त्याची मर्यादा ओळखली.

रचनेवरून आतां क्रियेकडे वळूं. टस्कनी प्रांतांतील कसाई डुक्कर उताणें बांधून एक लांब सळई त्याच्या छातींतून थेट हृदयांत घुसवीत. दुसरा कोणी असता तर त्यानें तोंड फिरविलें असतें. परंतु १५१९ सालीं वारलेला चित्रकार लिओनार्दो दा विंची त्या सळईच्या बाहेरच्या टोंकाकडे पाहत राहिला. हृदय हलेल त्याप्रमाणें तें टोंक वरखालीं होई आणि त्यावरून छातींत दडलेल्या हृदयाच्या हालचालीचें माप त्यानें घेतलें.

पुढें शंभर वर्षांनीं इंग्लंडांत विल्यम हार्वेपुढें हाच प्रश्न उभा राहिला. हृदय इतक्या शीघ्र गतीनें चालतें कीं, त्याचें आकुंचन कोणतें आणि प्रसरण कोणतें हें डोळ्यांना ठरवितां येईना. ही गति एका ईश्वरालाच ठाऊक असावी, असें म्हणण्याची आपल्यावर पाळी आली होती, असें त्यानें लिहिलें आहे. शेवटीं त्याला युक्ति सुचली. बेडूक, साप, मासे ह्यांचें हृदय संथ चालतें, तें त्यानें पाहिलें. आणि कुत्रा व डुक्कर ह्यांचें हृदय मरणकाळीं मंद होत जातें, त्या वेळीं त्यावर नजर रोखली. तेव्हां त्याला उमगलें कीं, हृदय ठोका देतें तें आकुंचन पावतांना, फुगतांना नव्हे. १६२८ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा रक्ताभिसरणाचा सिद्धांत ह्याच निरीक्षणाच्या पायावर उभा आहे.

एकोणिसाव्या शतकापासून प्रयोगशाळांत कुत्र्याचें राज्य सुरू झालें. निळ्या पडणाऱ्या बालकांच्या हृदयावरील जी शस्त्रक्रिया १९४४ सालीं बाल्टिमोर येथें झाली, तिची पूर्वतयारी व्हिव्हियन थॉमस ह्यांनीं कुत्र्यांवरच केली होती. परंतु हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या तुंबून होणाऱ्या विकाराचा अभ्यास सुरू झाला, तेव्हां कुत्रा अपुरा पडूं लागला. त्याचें कारण पुण्याच्या पेठांत राहणाऱ्या माणसाला सहज कळेल. पेठेंतील हमरस्ता बंद झाला, तरी गल्लीबोळांतून वाट काढतां येते. कुत्र्याच्या हृदयांत असे बोळ जन्मतःच पुष्कळ असतात. एक रोहिणी बंद केली तरी शेजारच्या वाटांनीं रक्त येऊन पोहोंचतें. डुकराच्या हृदयांत ते फार थोडे. रोहिणी बंद झाली कीं तिच्या वांट्याचा स्नायु मरतो. निरोगी माणसाचें हृदय ह्या बाबतींत कुत्र्यापेक्षां डुकराच्या जवळचें आहे. बराच काळ रोग मुरलेल्या हृदयांत मात्र नवे बोळ तयार होतात, हा भेद संशोधकाला विसरतां येत नाहीं.

रोहिणीच्या आंत बसणाऱ्या चरबीच्या थराचीहि अशीच कथा आहे. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अनिच्कोव्ह आणि खलातोव्ह ह्यांनीं सशांना कोलेस्टेरॉल चारून असा थर उत्पन्न करून दाखविला. परंतु ससा हा पाला खाणारा; जो पदार्थ त्याच्या अन्नांत कधींच नसतो, त्याच्या परिणामावरून माणसाबद्दल अनुमान कसें काढावें, असा आक्षेप आला. कुत्र्यांत तर तो थर सहजासहजीं धरतच नाहीं. डुक्कर आपल्यासारखेंच सर्वभक्षक आहे. वय वाढेल तसा त्याच्या रोहिण्यांत हा थर आपोआप जमूं लागतो आणि तुपट आहारानें तो लौकर वाढतो. १९८६ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांत यान रापाझ ह्यांच्या चमूनें तर अशा डुकरांचें वर्णन प्रसिद्ध केलें कीं, ज्यांच्या रक्तांत आनुवंशिक दोषामुळेंच कोलेस्टेरॉल भरमसाट वाढत असे. असा दोष कांहीं मानवी कुटुंबांतहि आढळतो.

एक अडचण मात्र व्यावहारिक होती. मांसासाठीं वाढविलेलें डुक्कर सहा महिन्यांत शंभर किलोच्या घरांत जातें आणि पुढें दुप्पट होतें. अशा धुडाला सांभाळणार कोण, आणि वर्षभर चालणाऱ्या प्रयोगांत त्याचें हृदय माणसाच्या मापाचें राहणार कसें? ह्यावर १९४९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत हॉर्मेल संस्थेनें तोडगा काढण्यास आरंभ केला. निरनिराळ्या भागांतील लहान चणीचीं रानडुकरें व गांवठी डुकरें आणून त्यांच्या संकरांतून एक ठेंगणी जात निपजविली. १९६० नंतरच्या दशकांत जर्मनींतील गटिंगेन येथें तिचा व्हिएतनामी आणि जर्मन जातींशीं संकर करून आणखी लहान जात तयार झाली. तिचें पूर्ण वाढलेलें जनावर चाळीस किलोच्या आसपास भरतें.

ह्या पूर्वतयारीचें फळ हृदयरोग्यांना पुढें मिळालें. आंद्रेआस ग्रुन्टझिग ह्यांनीं १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें एका रोग्याच्या तुंबलेल्या रोहिणींत बारीक फुगा नेऊन तो फुगविला आणि छाती न उघडतां वाट मोकळी केली. परंतु पुष्कळ रोग्यांत ती वाट कांहीं महिन्यांतच पुन्हां अरुंद होई. असें कां व्हावें? मेयो क्लिनिकमध्यें रॉबर्ट श्वार्ट्झ व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९० सालीं डुकराच्या रोहिणींत मुद्दाम तशीच इजा करून उत्तर शोधलें. इजा जितकी खोल, तितकी भरून येणारी वाढ जाड, असें त्यांना आढळलें. शरीर जखम भरून काढण्याच्या भरांत वाटच बुजवून टाकीत होतें. मग वाट उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीलाच, म्हणजे स्टेंटला, ही वाढ रोखणारें औषध लावण्याची कल्पना पुढें आली. ती आधीं डुकरांत पारखली गेली आणि १९९९ च्या डिसेंबरांत साओ पावलो येथें एदुआर्दो सूझा ह्यांनीं ती प्रथम माणसांत वापरली. ह्या यशाच्या आधींचें एक अपयशहि सांगितलें पाहिजे. सिलाझाप्रिल नांवाचें औषध उंदराच्या रोहिणींत ही वाढ उत्तम रोखी. परंतु युरोपांत रोग्यांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल १९९२ सालीं लागला, तेव्हां तें निरुपयोगी ठरलें. डुकराच्या हृदयावरहि त्याचा उपयोग झाला नाहीं. प्राणी चुकीचा निवडला, तर प्रयोग बिनचूक करूनहि उत्तर चुकतें, हा त्याचा धडा.

आतां शस्त्रक्रियेच्या मेजाकडे येऊं. १९६० सालीं मेलबर्न येथील डेनबरो आणि लव्हेल ह्या वैद्यांनीं एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता. पण पायापेक्षां त्याला भीति होती ती भुलेची. त्याच्या कुटुंबांतील दहा माणसें भूल दिल्यावर दगावलीं होतीं! कांहीं घराण्यांत भुलेच्या औषधानें स्नायु ताठतात, अंगांत भयंकर ताप भडकतो आणि रोगी दगावतो, हें त्यावरून कळलें. त्या काळीं अशा १०० रोग्यांपैकीं ७० ते ८० मरत. पण ज्या विकारानें घराण्यांत एखादाच गांठायचा, त्यावर औषध शोधावें कसें? येथें डुकराचा एक दोष उपयोगी पडला. भरघोस मांसासाठीं पैदा केलेल्या कांहीं जातींतील डुकरें गाडींत घालतांना नुसत्या भेदरण्यानें मरतात आणि त्यांचें मांस फिकट व पाणचट निघतें, हें कसायांना ठाऊक होतें. १९६६ सालीं केंब्रिज येथें भूल दिलेल्या डुकरांत तोच ताप दिसून आला. १९७५ सालीं केपटाउनच्या गेसफर्ड हॅरिसन ह्यांनीं डँट्रोलीन हें औषध देऊन अशीं डुकरें वांचविलीं. पुढें तेंच औषध माणसांना मिळूं लागलें आणि मृत्यूचें प्रमाण १०० त ५ च्या आसपास आलें. ह्या दोषाचें जनुकहि १९९१ सालीं प्रथम डुकरांत सांपडलें आणि मग माणसांत.

प्रयोगापुरतें असलेलें हें नातें पॅरिस येथें आणखी जवळचें झालें. बिने आणि कार्पांतिए ह्या शस्त्रवैद्यांनीं १९६५ सालीं डुकराच्या हृदयाची झडप माणसाच्या हृदयांत बसविली. आरंभींच्या झडपा फार काळ टिकेनात. तेव्हां कार्पांतिए ह्यांनीं ग्लुटाराल्डिहाइड ह्या रसायनांत त्या मुरवून घेण्याची रीति काढली. झडप चिवट झाली आणि शरीराचा तिच्यावरील रोषहि कमी झाला. धातूची झडप बसविली तर रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. डुकराच्या झडपेला बहुधा तें लागत नाहीं. उलट ती कांहीं वर्षांनीं झिजते, आणि तरुण वयांत तर अधिकच लौकर झिजते. सांधेतापामुळें ज्या देशांत तरुणांच्याच झडपा बिघडतात, तेथें म्हणूनच निवड करणें कठीण जातें.

झडप ही मृत वस्तु. जिवंत हृदयाची गोष्ट निराळी. डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते; ती माणसांत नसते, आणि आपल्या रक्तांत तिच्याविरुद्ध प्रतिपिंडें सदैव सज्ज असतात. त्यामुळें डुकराचा जिवंत अवयव बसवितांच थोड्याच वेळांत तो नासतो. हा अडसर दूर होण्यापूर्वींच, १९९७ च्या जानेवारींत, आसामांत गुवाहाटीजवळ धनीराम बरुआ ह्या शस्त्रवैद्यांनीं ३२ वर्षांच्या एका रोग्याला डुकराचें हृदय व फुप्फुसें बसविलीं. सात दिवसांनीं रोगी वारला आणि बरुआ ह्यांना अटक झाली. ती शर्करा नसलेलीं डुकरें जन्माला आलीं तीं २००२-०३ च्या सुमारास. त्यानंतर वीस वर्षांच्या संशोधनानें ७ जानेवारी २०२२ रोजीं बाल्टिमोर येथें, दुसरा उपाय न उरलेल्या ५७ वर्षांच्या रोग्याला, दहा जनुकांत फेरफार केलेल्या डुकराचें हृदय बसविण्यांत आलें. शर्करेचीं तीन जनुकें बंद केलीं होतीं, सहा मानवी जनुकें घातलीं होतीं आणि हृदय छातींत मावेनासें होऊं नये म्हणून वाढीचें एक जनुक बंद केलें होतें. हृदय चाललें, परंतु दोन महिन्यांनीं, ८ मार्च रोजीं, रोगी वारला. त्या हृदयांत डुकराचा एक विषाणु दडून आलेला पुढें आढळला. व्हेसेलियसच्या काळांत माणसांत नसलेलें जाळें डुकरावरून गृहीत धरलें जात होतें. येथें डुकरांत असलेलें कांहीं तरी नजरेंतून निसटलें होतें. चूक उलटी, पण कूळ तेंच.

शस्त्रवैद्यांच्या हस्तकौशल्यासाठींहि डुकरें वापरलीं गेलीं. दुर्बिणीनें पोटांतील शस्त्रक्रिया करण्याची कला १९९० च्या सुमारास पसरूं लागली, तेव्हां अनेकांनीं पहिला हात डुकरावरच बसविला. ह्या बाबतींत आपल्या सुश्रुताचें स्मरण होणें साहजिक आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत तो शिष्याला सांगतो कीं, छेदनाचा सराव भोपळ्यासारख्या फळांवर करावा, शिरा वेधण्याचा मृत जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देंठांवर. हात वळविण्यासाठीं जिवंत प्राणी लागत नाहीं, हें त्यानें जाणलें होतें. इंग्लंडांत १८७६ च्या कायद्यानें केवळ हातसफाईसाठीं जिवंत प्राणी वापरण्यास बंदी झाली; आणि आज रबरी पुतळे व संगणकीय यंत्रें वापरून शिकविण्याकडे जो कल दिसतो, तोहि सुश्रुताच्याच वाटेवरचा आहे.

गेलनच्या सल्ल्याकडे आतां वळतों. माकडाचा चेहरा आपल्यासारखा, म्हणून त्याची वेदना पाहवत नाहीं. डुकराचा चेहरा तसा नाहीं, म्हणून तें बरें. हा युक्तिवाद आज टिकत नाहीं. आपण डुक्कर निवडतों तें त्याचें हृदय, त्याच्या रोहिण्या, त्याचे स्नायु आपल्यासारखे आहेत म्हणून; मग त्याची वेदनाच तेवढी निराळी असें कोणत्या तोंडानें म्हणावें? ह्याच जाणिवेनें रसेल आणि बर्च ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं तीन नियम घालून दिले: प्राण्याऐवजीं दुसरें साधन चालत असेल तर तें घ्यावें, प्राणीच लागत असेल तर कमींत कमी घ्यावेत, आणि त्यांना कमींत कमी यातना द्याव्यात. आपल्या देशांत १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठीं समिति नेमण्याची तरतूद केली आहे.

तेव्हां ह्या चतुष्पाद गुरूचें ऋण दोन प्रकारें फेडावयाचें आहे. त्याच्यावरून निघालेल्या उत्तराला, माणसाशीं ताडून पाहिल्यावांचून, खरें मानूं नये; आणि ज्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या मार्गानें मिळण्यासारखें आहे, तो प्रश्न त्याला विचारूं नये. गेलननें त्याचा आवाज बांधून वाणीचें रहस्य उलगडलें. त्या आवाजाची दखल घेण्यास आपणांस पुष्कळ शतकें लागलीं. ती आतां विसरली जाऊं नये, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.